कळा कधी लागल्या

मंगळवार, संध्याकाळ

सासू म्हणते, कळा आज सकाळीच लागल्या. मला पटत नाही. मी सकाळी आठला तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, आणि सून तर पहिलटकरीण. एवढं उघडायला अख्खी रात्र जाते. मग मला, नर्सला, निरोप इतका उशिरा का? शिवाय पोरीच्या मनगटावर दात उमटलेले. कुणाचे? सासूवर माझा संशय होताच.

मुलगी झाली, सुखरूप. अंग पुसताना पोर हळूच म्हणाली, "सासूबाईला बोलू नका, बाई. म्याच सांगितलं न्हाई. घरात पाण्याचा थेंब नव्हता. टँकर आल्याबिगर बाळंतपण कसं व्हायचं?"

लातूरचा जिल्हा झाला, पण या गावाला टँकर अजून एकच, सकाळचा. तोवर आवाज फुटू नये म्हणून ते मनगट तिनंच चावून धरलं होतं.