खुंट्याची कावीळ

पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. मच्छिंद्रअण्णा यांस,
धाकटी बहीण आशा हिचा सा. न. वि. वि.

मी स्वादुपिंड म्हटलं की तू फोन कापतोस. कागद फाडता येईल, पण त्याला मधेच तोडून बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

दादाभाऊच्या दहाव्याला कुकडीच्या घाटावर जे बोललं गेलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटल्यावर पाव्हण्यांनी ठरवूनच टाकलं की तो चोरून पीत असणार. आपल्या भावाने यात्रेतसुद्धा दारूचा थेंब घेतला नाही. त्याच्या पिंडासमोर उभं राहून लोक हे बोलत होते, आणि बोलता बोलता तळहातावर तंबाखू मळत होते. तंबाखूचं नाव एकानेही काढलं नाही. दादाभाऊच्या गालात ती तीस वर्षं होती. तूही मळत होतास, अण्णा, आणि गप्प होतास.

माझं काम तुला माहीत आहे. जुन्नर-आंबेगावात गावोगाव फिरून कोणाला कुठला कर्करोग झाला याची नोंद घ्यायची. हा कर्करोग आपल्याकडे विरळा, वर्षाला लाखात एखाद-दुसरा. आता आपलं घर बघ. वडील बिडी ओढायचे, पिवळे पडून गेले. त्यांचं पोट कोणी तपासलंच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. तानूआत्या जन्मभर तंबाखूची मिश्री लावायची. तिच्या सोनोग्राफीत गाठ दिसली होती, ती आपण गावाला सांगितली नाही. आणि आता दादाभाऊ. आधीची दोघं काविळीने गेली असंच आपण सांगत आलो. दादाभाऊला तर न दुखता कावीळ झाली आणि ती उतरवायला तू त्याच्या गळ्यात घाटघरच्या बाबाची माळ घातलीस. त्यात तीन आठवडे गेले.

तुला चैत्रात शुगर निघाली. तू हसून सांगितलंस की पोट उतरलं, पँट सैल झाली. पन्नाशीनंतर एकाएकी शुगर निघणं बहुतेकांच्या बाबतीत साधंच असतं. पण त्यासोबत माणूस वाळत चालला असेल आणि घरातून असे तिघं गेले असतील, तर त्याने ते साधं धरायचं नाही. सीटी स्कॅनचा नंबर मी लावून ठेवला आहे. ये.

वहिनींना नमस्कार, आरतीला आशीर्वाद. रागाने लिहिलं आहे, पण ज्याच्यावर रागावता येतं असा भाऊ आता एकच उरला आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आशा


बोरी बुद्रुक
१४ ऑगस्ट २०२५

चि. आशा हिस,
मच्छिंद्रचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

दहाव्याला आलीस ती भावासाठी आलीस का कामाला, हे मला अजून कळलं न्हाई. बायकांत बसून कोण मिश्री लावतं, कोणाला शुगर आहे, कोणाच्या माहेरी कोण कशानं गेलं, असं विचारत बसलीस. घोडेगावच्या बाळासाहेबांची साळुबाई तिथंच बसली व्हती. त्यांच्या पोराशी, स्वराजशी, आपल्या आरतीचं जमत आलंय, हे तुला ठाऊक व्हतं. तेव्हापासून त्यांचा फोन न्हाई. ह्या घरात रोग आहे असं एकदा झालं की पोरीला कोण पदरात घेईल, ते तू सांग.

तंबाखूचं म्हणशील तर अर्धा तालुका मळतो. अर्धा तालुका मेला का?

आणि लाखात एखादा म्हणे. तो एखादा म्हणजे आपला दादाभाऊ. आपला चुलता हौशीराम अजून मेंढरं राखतो. रोज सांजेला मोजतो, पण एक कमी भरलं तर कोणतं ते नावानं सांगतो. तू भावाचा आकडा केलास.

माळ मी घातली, हे खरं. मीच त्याला मारला, एवढं लिहायचं तेवढं राहिलं तुझं.

मला काय झालं न्हाई. नंबर काढून टाक. तुझ्या वहिनीनं शेवग्याच्या शेंगा काढून ठेवल्यात, येशील तेव्हा ने. आणि येशील तर बहीण म्हणून ये.

मच्छिंद्र


पुणे
२० ऑगस्ट २०२५

ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

अर्धा तालुका मेला नाही, खरं आहे. अर्धा तालुका हेल्मेटशिवाय नारायणगावला जातो आणि संध्याकाळी जेवायला घरी असतो. म्हणून जो रस्त्यावर पडला तो पडलाच नाही का?

दादाभाऊचा मी आकडा केला नाही. त्याच्या मृत्यूच्या कारणापुढे नुसतं कावीळ लिहून मोकळे होत होते. ते खोडून खरं कारण लिहायला लावलं, त्यासाठी दोन टेबलांवर भांडले. आधीच्या दोघांसाठी कोणी भांडलं नाही, म्हणून आपल्या भागात हा आजार नाहीच असं सगळे खुशाल म्हणत राहतात. हौशीरामकाका मेंढरू हरवलं तर नाव सांगतो ना? मग रानात शोधायलाही जातो. आपण नाव घेऊन रडतो आणि कुठे गेलं ते विचारत नाही.

माळेचं लिहिते, कारण ते कोणी सांगत नाही. ती ओल्या काड्यांची असते. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबून खाली येते, लोक समजतात कावीळ उतरली. साधी कावीळ बहुतेकदा आपली आपणच उतरते, नाव माळेचं होतं. आतली पित्ताची नळी गाठीने दाबली तर ती कावीळ उतरत नाही, माळ मात्र उतरते. कुंपणाच्या खांबाला घातलीस तरी उतरेल.

तू त्याला मारलंस असं मी लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. पण तू स्वतःला मारलंस तर ते मी लिहीन. कारणासकट.

नंबर काढलेला नाही. शेंगा तू घेऊन ये.

तुझ्यावर अतिशय चिडलेली,
आशा


बोरी बुद्रुक
८ सप्टेंबर २०२५

सौ. आशावन्सं यांस,
निर्मलाचा नमस्कार वि. वि.

फोनवर बोललं की ह्यांच्या कानावर जातं, म्हणून लिहिते. आरती कॉलेजला जुन्नरला जाते, ती टपालात टाकंल.

दहा-बारा दिवसांमागं ह्यांचे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं तर उन्हाचं आहे म्हणाले. मग एक दिवस मोटारसायकल काढून सकाळीच गेले, कुठं ते सांगितलं न्हाई. रात्री सदऱ्याच्या आत हात लागला तर गळ्यात माळ. घाटघरच्या धर्माजीबाबाचीच, दादाभाऊभाऊजींना घातलेली तशीच. वन्सं, मला रडू न्हाई आलं, लई राग आला. ज्या माळेनं भाऊ गेला तीच घालून बसले. तुमचं पत्र ह्यांनी फाडलं न्हाई, उशाखाली ठेवलंय. म्हणजे कळत सगळं व्हतं. भ्यालेत.

भांडून उपयोग नव्हता. मी माझ्या भावाला, भागूला, घाटघरला धाडलं. घरात पोराला कावीळ झाली असं सांगून त्यानं बाबाकडून दुसरी माळ आणली. बाबा भला माणूस, नारळाशिवाय काही घेत न्हाई. ती माळ मी गोठ्यात शेळीच्या खुंट्याला घातली आणि कोणाला बोलले न्हाई.

तीन दिवसांनी सकाळी हे चहा पीत मला दाखवू लागले, बघ, माळ छातीपर्यंत आली, कावीळ उतरतीये. मी कप काढून घेतला, हाताला धरून गोठ्यात नेलं. खुंट्याची माळ घसरून लेंड्यांत पडली व्हती. मी म्हटलं, "बघा, खुंट्याचीबी उतरली. तुमच्यापेक्षा लवकर उतरली."

शेळीनं त्यातल्या दोन काड्या खाल्ल्यापण.

हे तिथंच दावणीपाशी खाली बसले. मग गळ्यातली माळ तोडली आणि अंघोळ करून एकटेच घोडेगावला गेले. मला वाटलं डोकं फिरलं ह्यांचं. सांजेला आल्यावर म्हणाले की बाळासाहेबांना सगळं सांगून आलो, बाप, आत्या, भाऊ, आणि आता मी. लग्नानंतर दुसऱ्याकडून कळलं असतं तर पोरीला रोज ऐकावं लागलं असतं. त्यांनी चहा पाजला, बोलले काही न्हाईत.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघतोय. स्टँडवर या. आल्यावर ह्यांना लगेच बोलू नका, आधी पाणी द्या. मग काय बोलायचं ते बोला, मीपण बोलणार आहे.

तुमची वहिनी,
निर्मला


पुणे, दवाखाना
६ ऑक्टोबर २०२५

चि. आरती हिस,
तुझ्या बापाचे अनेक आशीर्वाद.

नाकात नळी व्हती, घसा अजून धरलेला आहे. फोनवर आवाज ऐकून तू घाबरशील म्हणून लिहितोय.

गाठ स्वादुपिंडाच्या तोंडाशी व्हती, लहान व्हती, काढली. डॉक्टरांनी कसलाच शब्द दिला न्हाई. पुढं औषधं आहेत, मग बघू म्हणाले. एवढंच बोलले की आणखी महिनाभर माळ घालून बसलो असतो तर पोट उघडून तसंच शिवावं लागलं असतं. घरात आणखी कोणाला झालं असं विचारलं, तर मी सगळ्यात आधी दादाभाऊचं वय सांगितलं त्यांना. तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा व्हता. त्याला कोणी खुंटा दाखवला न्हाई, ह्याचा राग माझ्या जिवातून जाणार न्हाई आणि मी तो घालवणारबी न्हाई.

तुझी आत्या रोज येते आणि रोज भांडते. काल शेवग्याची आमटी घेऊन आली व्हती, मला खायची परवानगी न्हाई म्हणून माझ्यासमोर बसून स्वतः खाल्ली.

घोडेगावचं उत्तर आलं नसंल. आलं तर तुझं तू ठरव, न आलं तर त्यांच्या दारात मी पुन्हा जाणार न्हाई. खरं सांगितल्यावर ज्याची जीभ अडते त्याच्या घरात तुझं काय अडलंय? ह्या रोगाला तुझं वय लई लहान आहे, पण पुढं कोणत्याबी डॉक्टरासमोर बसलीस की आमची नावं घे. लाजू नको.

कोनाड्यात माझी तंबाखूची पिशवी आहे, ती चुलीत घाल. घरी आल्यावर मी मागंन, ओरडंन. देऊ नको. गावात कोणी विचारलं तर बापाला कावीळ झालीये असं म्हणू नको, रोगाचं नाव सांग. आणि खुंट्याची माळ गोठ्यातच अडकवून ठेव. घाटघरचा रस्ता विचारत कोणी आलं तर आधी त्याला गोठ्यात ने.

शेळीला वेळेवर पाणी पाज. आम्हा सगळ्यांत शहाणी तीच निघाली.

तुझा बाप,
मच्छिंद्र