डाव्या बाजूचं बोलणं

प्रिय ठकू,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन आला की आई स्पीकर लावते आणि फोन आमच्या दोघांच्या मधे ठेवते. तुझ्याशी एकट्याने बोलून किती दिवस झाले कोण जाणे. आता ती दुपारची झोपली आहे. तासभर तरी मिळेल.

आधी गाडीचं सांगतो, कारण तू तेच विचारलं होतंस. तू पाठवलेली दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं वाचली. म्हणजे आईने वाचली, तळाच्या बारीक अक्षरांसकट. लहान गाडी तिला आवडली होती. ती वळायला सोपी आहे, आणि सीट उंच असल्यामुळे गुडघ्यांना बरी. मोठीच्या डिकीत बाळाची ढकलगाडी मावते, आणि बाजूला कुणी फार जवळ आलं की वाजणारी शिट्टीही तिच्यात आहे. तुझं मत मोठीला. माझंही मोठीलाच होतं, तुला वाटतं त्याहून जास्त. आम्ही ती चालवून पाहायला गेलो. पहिल्या चौकापासून शिट्टी वाजायला लागली ती थांबेचना. मागे बसलेला शोरूमचा माणूस अदबीने म्हणाला की मॅडम जरा डावीकडे जातायत. आई हसली. "ते बंद करा हो. शेजारी एक बोलका माणूस बसलाय, तेवढा पुरे." त्याने हात पुढे करून एक बटण दाबलं. ती शिट्टी बंद करता येते हे मला माहीत नव्हतं.

तू मागे म्हणाली होतीस, आई सांगते की बाबांना म्हातारपणी वाचा फुटली. तुला त्याची मजा वाटली होती. खरं आहे, मी आयुष्यभर गाडीत गप्प बसत आलो. आई नर्स म्हणून गावोगाव, घरोघर फिरायची आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याला फिरवायची. चाक तिच्या हातात, मी शेजारी, तू मागे. बोलायच्या तुम्ही दोघी. आता मी घरापासून बाजारापर्यंत बोलतो. ती बघ, सायकलवरची मुलगी, किती हळू चालली आहे. त्या बाईंच्या हातातलं रोप कसलं असेल गं? इथे कुणीतरी ट्रक आडवाच लावून ठेवलाय. आई म्हणते, तुम्हाला बरी सगळी दुनिया दिसायला लागली. ठकू, मी जे बोलतो ते सगळं डावीकडचं असतं.

तिला डावीकडचं दिसत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, सुईत दोरा ओवते, दूरच्या पाट्या माझ्याआधी वाचते. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही लवकर आलं नाही. मागच्या वर्षी फाटकातून निघताना डावं दार घासलं, तेव्हा ती म्हणाली, फाटकच अरुंद आहे. मग डावा आरसा गेला. मग मागचं चाक फुटपाथच्या कडेला आपटलं. मी प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधे न्यायला लावली आणि प्रत्येक वेळी गाडीत काहीतरी खोट काढली. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय म्हणून चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. ब्रेक एका बाजूला लागतो म्हणून ब्रेक उघडायला लावले. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, तरी मी त्या गॅरेजवाल्याला गाडी शिकवत होतो. चौथ्या खेपेला आई बाहेर बाकावर बसली होती, तेव्हा त्याने मला गाडीच्या डाव्या पत्र्याजवळ नेलं. ठोकून सरळ केलेल्या जागेवरून बोट फिरवत तो हळूच म्हणाला, "काका, दर वेळी डावीच बाजू. गाडीला काही झालेलं नाही."

मला ते माहीत होतं. जेवताना डावीकडे ठेवलेली वाटी तशीच राहते. मी ती न बोलता उजवीकडे सरकवतो. एकदा मी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, तुझ्या आईला नव्हे, कुणा ओळखीच्या बाईंना असं होतंय, असं सांगून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखता येते, त्या बाईंना लवकर घेऊन या. मी बरं म्हटलं आणि चालत घरी आलो.

तू म्हणशील, सांगायला काय झालं होतं. मी प्रयत्न केला. मागे एका रविवारी परत येताना तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. ती इंजिन बंद करून माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, "बोला ना. हल्ली तुम्ही बोलता ते बरं वाटतं." मी समोरच्या इमारतीबद्दल काहीतरी बोललो. ती मान हलवत ऐकत राहिली.

आणखी एक गोष्ट आहे, तुझ्या जन्माआधीची. तिने मला गाडी शिकवायला घेतली होती. आठवड्याभरातच मी कचेरीच्या आवारातला खांब पाडला. मी पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणारा माणूस, तो खांब माझ्याच नकाशात होता. बघायला सगळी कचेरी खाली आली. तिने माझ्या आधी उतरून "चाक माझ्याच हातात होतं" असं सांगून टाकलं. ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नाही, भांडणात मलासुद्धा ऐकवली नाही. अशा बाईच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची?

म्हणून मी आडवाट धरली. गॅरेजवाल्याला विनवलं की तिला सांग, गाडीच्या सांगाड्याला गंज चढलाय, ही आता चालवण्यात अर्थ नाही. तो तयार होईना. इंजिनाला अजून दहा वर्षं काही होणार नाही, म्हणाला, चांगल्या गाडीबद्दल असं बोलवत नाही. शेवटी माझ्याकडे न बघता बोलला एकदाचा. मला वाटलं, गाडीच नसेल तर प्रश्नच मिटला. या वयात दुसरी गाडी कोण घेतंय? घरी आल्यावर फाटकाशी आई म्हणाली, ठीक आहे, मग नवी घेऊ, तोवर हीच हळू चालवते. त्याच संध्याकाळी तिने तुला फोन केला. माझ्या अकलेचे दिवे हे असे. होती ती लहान, ओळखीची गाडी घालवून मी तिला तिच्याहून हातभर रुंद गाडी मिळवून दिली. हो, मोठीच ठरली. तुझ्या बाळासाठी.

गेल्या मंगळवारी बाजाराला निघताना गाडीत तिने नव्या गाडीचे रंग बघायला माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. मी खाली बघत होतो. राखाडी बरा की पांढरा, एवढाच विचार. तेवढ्यात धप्प आवाज झाला. एक म्हातारे गृहस्थ कडेने चालले होते, आरसा त्यांच्या कोपराला लागला. पिशवीतली संत्री रस्ताभर झाली. आई ताबडतोब उतरली. त्यांचा हात कोपरापासून बोटांपर्यंत चाचपून पाहिला, हाड शाबूत आहे म्हणाली, त्यांना गाडीत बसवून घरी सोडलं. वाटेत त्यांना रागावलीसुद्धा, या वयात रस्त्याने बघून चालावं म्हणून. ते म्हणाले, चूक माझीच, मला माफ करा. माझ्याशी हात मिळवायला त्यांनी डावा हात पुढे केला, उजवा उचलवत नव्हता. मी मांडीवर त्यांची संत्री घेऊन बसलो होतो.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे ते. नवी गाडी गुरुवारी येते. शनिवारी तुम्हाला आणायला आई ती घेऊन स्टेशनवर येणार आहे. बाळाची खुर्ची आणून ठेवली आहे, मागच्या सीटवर डावीकडे बसवायची, म्हणजे तिला वळून बघता येईल असं ती म्हणते. तू त्या गाडीत बसू नकोस. बाळाला बसवू नकोस. टॅक्सी करून ये असं मी म्हणत नाही, तेवढं टाळून भागायचं नाही, मी तेच करत आलो आहे. तिथेच उभी राहा आणि तिला सांग की तू बसणार नाहीस, आणि का बसणार नाहीस. तू बाळाची आई आहेस, तुझं तिला ऐकावं लागेल. सोमवारची डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, या खेपेला तिच्या नावाने. मी तुझ्या बाजूला उभा राहीन, पण तोंड उघडेन असा भरवसा देत नाही. ती विचारेल, ह्यांना हे कधीपासून माहीत होतं. तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. चौदा महिन्यांपासून, असं सांग.

तुझाच, आणि तिचाही,
बाबा