चित्राभोवतीचं कापड

२ नोव्हेंबर
उद्या जायचं! नात कोतोने चिडवते, "आजी, तळ्याकाठच्या संग्रहालयात लोक चित्रं बघायला जातात. तू चित्राच्या कडेचं कापड बघायला निघालीस!"
हसू दे. युद्धानंतरच्या उपासमारीत आईने किमोनोवरचा लग्नातला रेशमी पट्टा तांदळापायी दिला. तो गावातल्या चित्रकाराने आपल्या बगळ्याच्या चित्राभोवती कडेचं कापड म्हणून चिकटवला. मी तेव्हा अंगावर पीत होते. वर्षभरात आई गेली. फोटोसुद्धा नाही तिचा. जगात तिचं उरलंय ते एवढंच.
लहान मुलगी असताना त्या चित्रकाराच्या घरी मुळ्याच्या जुड्या पोचवायला गेले, तेव्हा ते कापड एकदा दिसलं होतं. ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगलेलं, चहासारखं मळकट. लग्नातही बिचारीला तसलाच रंग!
अशी चित्रं फार दिवस टांगत नाहीत म्हणे, रंग उडतात. उतरवलं असलं तर? कोतोनेला दोनदा फोन करायला लावला. आहे म्हणाले.

३ नोव्हेंबर
तळ्यात बदकंच बदकं. माझा भाताचा गोळा डब्यात तसाच.
चित्र सापडलं. बगळा तोच, लव्हाळं तेच. भोवती कापड मात्र निळं, कोरं करकरीत!
कोतोनेने पाटी वाचली — जुनं विरलं होतं, गेल्या वर्षी बदललं.
मी ओरडलेच, "माझ्या आईला कुठं टाकलंत?"
तिथली पोरगी धावत आली. "आजीबाई, हळू! जुनं कापड कधी दुरुस्तीवाल्यांकडे राहतं, कधी नाही. विचारून कळवते हं."
कधी नाही, म्हणाली.

५ नोव्हेंबर
फोन नाही.

७ नोव्हेंबर
सलगमाच्या लोणच्यात दोनदा मीठ घातलं. सूनबाई चिझुको म्हणाली, "एका चिंधीपायी सगळ्या घराला खारट करणार का, सासूबाई?" मग जरा वेळाने, "फोन मीच घेईन. तुम्ही बोलता बोलता मध्येच ठेवून देता." जिभेने तिखट, पण मनाने चांगली आहे. आज फोनजवळच बसून शिवत होती.
कचऱ्यात गेलं असेल. नक्की गेलं असेल.

१० नोव्हेंबर
सापडलं!! वीतभरच, पण सापडलं! चिझुकोच आधी रडली!
आता वेगळीच धास्ती — हात लावू देतील का?

१२ नोव्हेंबर
लावू दिला.
वरून तोच मळका चहाचा रंग. मग दुरुस्तीवाल्या बाईंनी कडेची, इतकी वर्षं चिकटवलेली घडी हळूच उलगडली. तिच्या पोटात उजेड कधी शिरलाच नव्हता.
लाल! लालभडक!
आई गं, आणि मी जन्मभर तुझी कीव करत आले.