अगरबत्तीचा धूर

मंगळवार, संध्याकाळ

भनपुरीच्या आपल्या गॅरेजात आज एका ट्रकनं डोकं खाल्लं. इंजिन थंड असलं की टकटक, तापलं की गप्प. धूर कुठून तरी फुटून राहिला होता, पण जागा दिसेना. मग बाबांची रीत आठवली. सकाळी पान्यांची पूजा झाली की तीच अगरबत्ती घेऊन ते लीक शोधायचे. इतकी वर्षं मी ते काहून केलं नाही? इंजिन चालू करून अगरबत्ती जोडांवरून फिरवली. एका बोल्टापाशी तिचा धूर थरथरला. जोडामधलं फुटलेलं गॅस्केट तिथंच होतं. मी मात्र अगरबत्ती विझेपर्यंत धरून उभा.

घरी पोट्टीनं माझा हात हुंगला. डिझेल आणि चंदन, बाबांच्या हाताले यायचा तोच वास.

"पापा, आज पूजा किए क्या?"

"हव," म्हटलं.