प्रणितशेठला कुठल्या सिद्धांतात बसवायचं?

४ फेब्रुवारी २०२५

आज तासाला संघटित गुन्हेगारीचे सिद्धांत घेतले. सरळ वाटा बंद झाल्या की माणूस वाकड्या वाटेला लागतो, हा एक. गुन्हा संगतीत शिकला जातो, हा दुसरा. आणि जिथे सरकार पोचत नाही तिथे टोळी पोचते, संरक्षण विकते. मागच्या बाकावरून उमामा म्हणाली, "मॅडम, आमच्या प्रणितशेठला कुठल्यात बसवायचं?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

कुठल्या वाटा बंद होत्या त्याच्या? बापाचं पेणला मोठं दुकान, स्वतः पुण्यात शिकलेला. तरी दिवसाढवळ्या खाडीत पंप लावून वाळू उपसतो! त्यानेच आमचा बांध खचला. सासूबाईंच्या शेतात खारं पाणी शिरलं. उभे वाल करपले.

६ फेब्रुवारी

आईंनी — सासूबाईंनी — पेणच्या तहसील कचेरीत तक्रार दिली. सोबत मी एकटी. गावातलं कोणी आलं नाही. गणेशही नाही. नवरा माझा! रोह्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे रोजावर आहे. शिफ्टला निघताना म्हणाला, "उगाच कशाला अंगावर घेता?"

उगाच!

११ फेब्रुवारी

पाहणीला तहसीलचे साहेब आले. कशातून उतरले? प्रणितच्या जीपमधून! सरकारी गाडी बंद आहे म्हणे. बांधावर उभं राहून म्हणतात, "भरतीने फुटलेला दिसतोय." समोर पंप धडधडतोय!

आई म्हणाल्या, "सायेब, भरती काय आजच आली व्हय?" ते मोबाईलमध्ये बघत राहिले.

सरकार पोचत नाही म्हणून टोळी? साफ खोटं. सरकार पोचलं की — टोळीच्या गाडीत बसून!

१२ फेब्रुवारी

प्राचार्य म्हणाले, "नूतनताई, वर्गात उदाहरणं इटलीच्या माफियाची द्या ना. आपली कशाला?"

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीला गावात प्रणितचा सत्कार. शाल, श्रीफळ. का, तर रुग्णवाहिका दिली! ज्यांचे वाल करपले तेच टाळ्या वाजवत होते. शेजारची शांती कुजबुजली, "काय करू गो? आमचे ह्ये त्याच्याच डंपरवर हायत." गणेशच्या कंपनीत माणसं भरायचा ठेकासुद्धा आता प्रणितच्या मेव्हण्याकडे.

अंगाची लाही लाही झाली. पण चिडायचं तरी कोणाकोणावर?

२४ फेब्रुवारी

तक्रारीचं काय झालं विचारायला कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "ती तर मागे घेतलीत तुम्ही."

आम्ही?

"तुमचे मिस्टर येऊन गेले. आईंचा अंगठा होता अर्जावर."

अंगठा! आई सही करतात.

घरी येऊन आईंना सगळं सांगितलं.

२५ फेब्रुवारी

गणेश पेढे घेऊन आला. कंपनीत कायम झाला.

आईंनी पेढा घेतला नाही. पायात चपला घातल्या. "चल गो, पेणला. नवी तक्रार लिव. आता माज्या पोराचा पन नाव घाल."