दाजींच्या पिकअपला घातलेले ठोकळे

नाना, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितोय, कारण आपल्या अक्काचे यजमान, तुमचे जावई, दाजी, गेले सात महिने मखमलाबादच्या घरात खाटेवर पडून आहेत. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. आणि ते तसे का पडून आहेत, हे फक्त मला ठाऊक आहे.

त्या दिवशी सकाळी दाजी पिकअप घेऊन पाथर्डी फाट्याच्या आपल्या गॅरेजात आले. कोबीच्या गोण्या भरल्या की गाडी मागून बसायची आणि चाक वर घासायचं. "मागून थोडी उचलून दे रे भाऊ. उद्या दुपारी वाशीचा माल भरायचाय." मी खाली शिरून पाहिलं. ओझं झेलणारे मागचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेले. ते उतरवून, भट्टीत तापवून पुन्हा बाक द्यायचा, नाहीतर मापाचा एक जाड पाटा आणून वाढवायचा. कुठल्याही कामाला गाडी दोन दिवस उभी राहिली असती. तिसरं काम एका दुपारचं होतं. एक्सल आणि पाटे यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा सरकवायचा आणि सगळं लांब यू-बोल्टांनी आवळून टाकायचं. गाडी तेवढीच उंच होते. दाजींना तर उंचीच हवी होती.

घोटीचा तो तांदूळवाला तुम्हाला आठवतो का? मला तो रोज आठवतो. तो घाईत आहे, गाडीचं इंजिनसुद्धा बंद करत नाही. तुम्ही उठता, चाक आणि वरचा पत्रा यांच्यातलं अंतर वितीने मोजता आणि विचारता, "काय नेता?" तो म्हणतो, तांदूळ. "मग ठोकळा नाय घालणार." "अहो मिस्त्री, समोरचा घालून देतोय." "मग समोर जा." तो खरंच गेला. गिऱ्हाईक घालवलंत म्हणून मी चिडलो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत. "ठोकळ्याने गाडी उंच दिसते, पाट्यात जोर येत नाय. बोल्ट ढिले पडले की ठोकळा सरकतो, एक्सल तिरका होतो. ओझं घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला पाटाच. पुन्हा माझ्यासमोर ठोकळ्याचं नाव काढू नको." मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही देवळाली कॅम्पातून माझ्यासाठी नवे बूट आणलेत आणि काही न बोलता गॅरेजच्या दाराशी ठेवून दिलेत.

दाजींच्या गाडीखाली पडलो होतो तेव्हा मला यातलं अक्षर न् अक्षर आठवत होतं. विसरलो असतो तर आज स्वतःला काहीतरी सांगता आलं असतं. मी ठोकळे घातले. दाजींनी मागे उभं राहून पाहिलं, खूश झाले, मला चहा पाजला. भरल्या गाडीची पहिली खेप झाली की बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. ते मी त्यांना सांगितलं नाही, नंतर फोनही केला नाही. तिसऱ्या आठवड्यात, चांगलं ऊन असताना, कसारा घाटाच्या उतारावर गाडी एकाएकी वाकडी झाली आणि कठड्यावर आदळून उलटली. पंचनाम्यात माल जास्त आणि वेग जास्त असं लिहिलं गेलं. गाडी सोडवायला मीच गेलो होतो. डाव्या बाजूचा ठोकळा जागेवर नव्हता, बोल्टांचे नट अर्ध्यावर आले होते. तिथे उभ्या असलेल्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही. मीही बोललो नाही.

गेल्या महिन्यात दाजींना भेटायला आलेला एक ड्रायव्हर दाजींकडून ठोकळ्यांचं ऐकून म्हणाला, ओझ्याच्या गाडीला कुणी ठोकळे घालतं का. तो गेल्यावर अक्का ओल्या फडक्याने दाजींची पाठ पुसत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "काय रे, नानांनी कधी घातले असते का असे ठोकळे?" मी म्हणालो, "नानाच घालायचे, अक्का. त्यांच्याकडूनच शिकलो मी."

"नाना करायचे म्हंजे बरोबरच असंल. आपलंच नशीब खोटं," ती म्हणाली आणि फडकं पिळायला मोरीकडे गेली. दाजी भिंतीकडे तोंड करून होते. तसेच म्हणाले, "गाडी लय झ्याक केली होती रे तू."

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही, आता विचारणारही नाही. काल खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. दाजींना कुशीवर वळवायला तिला मदत केली, चहा प्यालो आणि परत आलो. हे पत्र खरं तर तिच्याच हातात द्यायला हवं, आणि ते माझ्याने होणार नाही. तुम्ही रागवायला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या नावावर खोटं बोललो याची लाज वाटली, पण ती घरी आल्यावर. तिथे, अक्काने माझं ऐकून विश्वास ठेवला त्या क्षणी, नाना, मला फक्त हलकं वाटलं होतं.