आजोळचं रक्त

जव्हार, ८ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. नातवाच्या पापण्या आता उघडत नाहीत, तो मानही धरत नाही. मुंबईला जनुकांची तपासणी केली. पेशींना ताकद पुरवणारा जो भाग असतो, त्याचाच आजार निघाला. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, असला आजार आईकडूनच येतो. म्हणजे तुझ्या घरातून. डोळे झाकून तुझी लेक किमया सून करून आणली, त्याचं हे फळ. दुसरं मूल व्हायच्या आत येऊन तिला मोखाड्याला घेऊन जा.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
सुशीला

मोखाडा, १३ जुलै

चि. सुशीलेस,
अ. आ.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. अर्धवट ऐकून पोरीला घालवायला निघालीस? या रोगाचे काही प्रकार आईकडून येतात. हा तसा नाही. यात बिघडलेलं जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन यावी लागतात. तुझ्या मुलाच्या, परागच्या रक्तातही ते सापडलंय. त्यानेच मला फोन केला; तुला सांगायची त्याची छाती झाली नाही.

भावाचीच मुलगी सून हवी म्हणून जेवण सोडून बसली होतीस ती तू. मीही खुशीत मान डोलावली. डॉक्टर म्हणतात, हे बहुधा आपल्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आपल्या दोघांत उतरलं. घालवायचं तर आधी स्वतःला घालव. पुढच्या रविवारी येतो आणि किमयाला नेतो.

रागावलेला तरी तुझाच,
हरिभाऊ

जव्हार, १७ जुलै

ती. बाबा व आत्या,
शि. सा. न.

आत्या, तुम्ही शेजारच्याच खोलीत आहात, पण तोंडावर मला बोलवत नाही. तुमच्या पत्राचा फोटो बाबांनी मला पाठवला. त्यांचं उत्तर तुम्ही फेकलंत, ते मी उचललं.

एकाने घालवायचं, दुसऱ्याने न्यायचं. मला कोणी विचारलंत? रक्त कुणाचं याचा दोघांनी निवाडा केलात, पण माझ्या लेकराच्या, प्रांजलच्या पोटात काही जातं का, हे विचारलं नाहीत. आजार बरा करणारं औषध नाही. त्याला उपाशी ठेवायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. घास गिळायला त्याला फार वेळ लागतो, रात्रीही भरवावं लागतं. पुढच्या बाळाचं काय ते तपासणी करून पराग आणि मी ठरवू.

बाबा, रविवारी या, पण मला न्यायला नको. तुम्ही त्याची मान धरा, आत्या भरवतील. तेवढा वेळ आम्ही दोघं झोपू.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, त्याच्यावर असू द्या.
किमया